नव्या बेसवरची झीज

१

दादाच्या उजव्या अंगठ्याला फोड कसा आला?

हे मी नंतर हॉस्पिटलात परत जाऊन नर्सला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, वॉर्डबॉयला विचारलं. नर्स म्हणाली, सलाइनमुळे असेल. सलाइन डाव्या हाताला होतं. डॉक्टरांनी माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "आता त्यावर बोलून काय उपयोग?" वॉर्डबॉय निदान खरं बोलला. म्हणाला, "मला काय माहीत, मी कालच कामाला लागलोय."

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ अनिरुद्ध, डोक्यातली नस फुटून पडला तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. दिवाळी गेली, थंडी सुरू झाली, तरी तो मशीनवरच. त्याचे हात चादरीवर जसे ठेवावेत तसे राहायचे. शेवटी तो गेला. त्याला घरी आणलं, आणि पांढरे कपडे घालताना मी त्याचा उजवा हात हातात घेतला. अंगठ्याच्या कडेला फोड होता. ताजा, आत पाणी असलेला.

असे फोड मला माहीत आहेत. बेस गिटार नवीन शिकणाऱ्याला येतात. पण दादा नवीन नव्हता. रामदासकाकांच्या भीमगीतांच्या पार्टीत तो मिसरूड फुटायच्या आधीपासून बेस वाजवायचा. तोही दोन बोटांनी, पहिल्या आणि मधल्या. अंगठा नुसता टेकवून ठेवायचा. अंगठ्याने त्याने तार कधी छेडली नाही.

मी नववी नापास. पार्टीचा टेंपो चालवतो, स्पीकर उतरवतो, वायरी जोडतो. सूर मला कळत नाहीत. पण बेस कोण वाजवतंय ते मी टेंपोत बसून, नुसत्या तळपायांनी ओळखतो.

२

घरात दोन बेस होते.

जुना दादाने कॅम्पातल्या जब्बारभाईंकडून आणला होता. जब्बारभाई गिटारी दुरुस्त करतात. त्याआधी तो बेस कुठल्याशा हॉटेलातल्या बँडमधल्या म्हाताऱ्याचा होता, एवढंच आम्हाला माहीत. साठ-पासष्ट सालचा अमेरिकन, फेंडर कंपनीचा प्रिसिजन. नवा सोनाली वहिनीने आणला. वहिनी मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत आहे. कंपनीने तिला प्रोजेक्टसाठी अमेरिकेला पाठवलं, तिकडून येताना तिने आम्हाला चॉकलेटं आणली आणि दादाला हा. तीच कंपनी, तेच मॉडेल, रंगही तोच, मध्ये मधासारखा पिवळा आणि कडेला काळा होत गेलेला.

दादाने दोन्ही दिवाणावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला डोळे मिटायला लावले.

"सांग, जुना कुठला, नवा कुठला."

त्याने एकेक सूर वाजवला. डोळे मिटूनही शेंबड्या पोराला कळलं असतं. जुना एकदाच दम्मकन बोलून गप्प व्हायचा. नव्याचा सूर लांबत राहायचा, प्रत्येक तार वेगळी, काचेसारखी. मग त्याने मला दोन्ही हाताळायला दिले. जुना हलका, वाळलेल्या लाकडाचा. त्याचं पॉलिश कांद्याच्या सालीसारखं पातळ, तडे गेलेलं, घामाने जागोजागी विरघळून लाकूड उघडं पडलेलं. नवा जड, वर प्लास्टिकसारखा जाड चकचकीत थर. जुन्याच्या तारा चपट्या, फितीसारख्या गुळगुळीत. नव्याच्या तारा खरखरीत, बोट सरकवलं की किंचाळायच्या आणि कातडी सोलायच्या.

"जुना म्हणजे आपली आई," दादा म्हणाला. "एकदाच सांगणार. नवा म्हणजे तुझी वहिनी. मीटिंग संपतच नाही."

"ऐकू येतंय मला," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बघ, चांगल्या आवाजाची हीच खूण आहे. आत बसलेल्यालासुद्धा ऐकू जातो."

जुन्या बेसच्या अंगावर, तारांच्या खालच्या बाजूला, चार खोलगट डाग होते. त्यांच्याजवळ बुजवलेली दोन स्क्रूची भोकं. मी त्यात बोटं घालून बघितली. माझी बोटं बसली नाहीत, डागांमधलं अंतर जास्त होतं. कसले डाग म्हणून मी विचारलं नाही. जुन्या वस्तूला डाग असायचेच.

त्यानंतर आठवडाभरातच दादा पडला. नवा बेस त्याने असा कितीसा वाजवला असेल!

३

पार्टीत एक रीत आहे. वादक गेला की त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्याची जागा मोकळी ठेवायची. वाद्य स्टँडवर, वायर जोडलेली, अँप चालू. त्या दिवशी त्या वाद्याला कुणी हात लावायचा नाही. बाकीचे त्याच्याशिवाय वाजवतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं की काय गेलं ते.

आमची सोसायटी हडपसरच्या पुढे, मांजरी गावात आहे. समोर अजून ऊस उभा आहे, मागे नव्या इमारती, निम्मे फ्लॅट रिकामे. पार्किंगमध्ये मंडप घातला. मी जुना बेस उतरवायला लागलो तर रामदासकाका म्हणाले, "नवा ठेव रे अभय. फोटोशेजारी दिसायला बरा दिसतो."

मी नवा ठेवला. स्टँडमागे दादाची खुर्ची ठेवली, अँप लावला, आणि आवाजाचं बटण दादा ठेवायचा तिथपर्यंत फिरवलं. तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. मला राहवलं नाही.

वंदना झाली, गाणी झाली. मी मंडपाच्या टोकाला टेंपोच्या फळीवर बसून रडत होतो, म्हणून मला काही ऐकू आलं नाही. जेवणाच्या पंगतीत हडपसरचे पाहुणे ताट घेऊन माझ्याजवळ आले.

"नवीन पोरगा घेतलाय का बेसला? गुणी आहे. जुन्या वळणाचं वाजवतो."

"बेस नव्हता आज," मी म्हणालो.

ते हसले. "तुम्हा लोकांना कौतुक केलेलं सोसत नाही."

मी की-बोर्डवाल्या बजरंगला गाठलं. म्हटलं, तू डाव्या हाताने बेसचे सूर दिलेस का? तो म्हणाला, "शप्पथ नाही. मला वाटलं तूच मागे बसून काहीतरी खुडबुड करतोयस. म्हटलं दुःखात आहे, करू दे."

मी स्वतःला समजावलं. अँप चालू होता. ढोलकीच्या दणक्याने मोकळ्या तारा आपोआप घुमतात. हे खरं आहे, मी कितीदा बघितलंय. पण घुमणाऱ्या तारेला जुनं वळण कुठून येणार?

४

मग ते घरात सुरू झालं.

दुपारी आमच्याकडे लाइट जाते. पंखे थांबले की इमारत इतकी गप्प होते की उसातला वारा वर ऐकू येतो. अशाच एका दुपारी स्वयंपाकघरातल्या मांडणीतल्या ताटल्या थरथरायला लागल्या. एक थरथर, थोडी उसंत, पुन्हा थरथर. माझ्या तळपायांना फरशीतून तेच कळत होतं. दादाच्या खोलीत कुणीतरी नवा बेस वाजवत होतं. अँपला वीज नव्हती, वायरही जोडलेली नव्हती.

मी धावत जाऊन दार उघडलं. बेस खुर्चीवर आडवा होता. मी तो स्टँडवर ठेवला होता.

"आई, तू हलवलास?"

आई हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली बसली होती. शेजारीच फ्रेममध्ये बावीस प्रतिज्ञा. ती म्हणाली, "मी कशाला हलवू? ऐकत बसले हाय."

"काय ऐकतेस?"

"आपल्यात भूत-बित मानत न्हाईत अभय. उगं तोंड उघडू नको." मग म्हणाली, "लाकडाला सवय लागते माणसाची. एवढंच हाय ते. बरं वाटतं मला."

वहिनीलाही बरं वाटत होतं. तिनेच मला ते दाखवलं. बेसच्या मधोमध काळ्या प्लास्टिकचा एक ठोकळा असतो, त्यावर दादा अंगठा टेकवायचा. नव्या बेसवर त्या जागी अंगठ्याएवढं तेलकट, झिजलेलं गुळगुळीत वर्तुळ उमटलं होतं.

"आधी नव्हतं हे, भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली. "मी रोज पुसते, मला माहीत आहे." दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "ते आहेत."

मलाही तेच हवं होतं.

मग तिच्या कंपनीने तिला बंगळूरला बोलावलं. आधी दोनदा तिने टाळलं होतं, आता टाळता येत नव्हतं. तिथे एक खोलीचा फ्लॅट, एकटी. ती म्हणाली, "दोन्हीतला एक मी नेणार. मला कान नाही. तुम्ही नीट ऐका, नीट बघा, आणि ज्यात ते जास्त आहेत तो मला द्या. देणार ना?"

"देतो," मी म्हणालो.

५

म्हणून मी पुन्हा दोन्ही बेस दिवाणावर शेजारी शेजारी ठेवले, दादाने ठेवले होते तसे. या वेळी सकाळी, खिडकी उघडी टाकून.

जुन्यावर मी एक सूर वाजवला. दम्म, आणि गप्प. नव्यावर वाजवला. दम्म, आणि गप्प.

नव्याने लांबायला हवं होतं. मी पुन्हा वाजवला. डोळे मिटले आणि दोन्ही आळीपाळीने वाजवले, आणि मला फरक सांगता येईना. नवा उचलून बघितला तर हलका झाला होता. पावसाळ्यात लाकूड जड होतं, थंडीत वाळतं, असं मी मनाशी म्हणालो. त्याच्या चकचकीत थराला जुन्यासारखे बारीक तडे गेले होते. ऊन लागलं असेल.

मग मी त्याला खिडकीकडे तिरपा धरला. तारांच्या खाली, उजेडात, चार खोलगट डाग दिसले.

मी त्यात बोटं घालून बघितली. बसली नाहीत.

दोन्ही बेस टेंपोत घातले आणि तडक कॅम्पात गेलो. जब्बारभाईंनी चष्मा लावला, नवा उलटसुलट केला.

"कुणी केलं हे? हल्ली कंपन्याच नव्याला जुनं करून विकतात. खोट्या ओरखड्यांचे जास्त पैसे घेतात. अक्कल गहाण टाकलेली माणसं विकत घेतात."

"चार महिन्यांपूर्वी नवा कोरा होता. दादाने आणि मी बघितलाय."

"मग तुझ्या बघण्यात चूक आहे. हा थर नखाने काय, खिळ्याने जात नाही. माणसाच्या हाताने इतका झिजायला त्याला जन्म काढावा लागेल." ते बोलता बोलता थांबले. त्यांनी जुना ओढून घेतला आणि दोन्हींवरच्या डागांवर बोट फिरवलं. मग चष्मा काढला.

"जुन्यावर इथे लाकडाची एक पट्टी होती. तुझ्या भावाने काढायला लावली, म्हणून मी काढली. पूर्वी असंच वाजवायचे. चार बोटं पट्टीखाली अडकवायची आणि अंगठ्याने तार ओढायची. हे डाग त्या म्हाताऱ्याचे. तुझ्या भावाचे नाहीत."

"तो अंगठ्याने वाजवायचा?"

"फक्त अंगठ्याने. बोटांनी वाजवणारा दिसला की त्याला सहन व्हायचं नाही. शिकायला आलेल्या पोराचा हात असा मनगटाला पकडायचा," त्यांनी माझं मनगट धरलं, "आणि अंगठा तारेवर घासत राहायचा. पोरं रडायची. मग कुणी जायचं बंद झालं. तो मेला तेव्हा हा जुना माझ्याकडे आला." त्यांनी मनगट सोडलं. "का रे? चेहरा काय झाला तुझा? पाणी देऊ?"

मला दादाचा हात दिसत होता, पांढऱ्या बाहीतून बाहेर आलेला.

ती मोकळी जागा आम्ही दादासाठी ठेवली होती. दुसऱ्या कुणी तिथे बसायचं नाही, हे कुठेच सांगितलं नव्हतं.

६

घरी येऊन मी नव्या बेसच्या चारही तारा उतरवल्या. तारच नाही तर वाजवणार काय? आवाज थांबला की वहिनी निवांत जाईल, आईही हळूहळू विसरेल. मला माझंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली. ताटल्या थरथरल्या नाहीत. मी हॉलमध्ये आईशेजारी बसून मनात म्हणालो, झालं.

मग घासल्याचा आवाज यायला लागला. सुताराने पॉलिश पेपर मारावा तसा. एक घासणं, थोडी उसंत, पुन्हा एक घासणं. चाल तीच होती.

आई म्हणाली, "आवाज बसलाय आज त्याचा. घसा बसल्यावानी."

मी उठलो. दार किंचित उघडं होतं. फटीतून खुर्चीखालची फरशी दिसत होती, आणि तिच्यावर बारीक भुकटी पडत होती, रंगाची आणि लाकडाची, मधासारखी पिवळी. बेस खुर्चीवर कुणाच्या तरी मांडीवर असावा तसा तिरका होता. त्याचा खांद्यावर अडकवायचा पट्टा वर ताणलेला होता.

मी फटीला डोळा लावला. आता लिहितानाही मी स्वतःला सांगतो की दुपारच्या उन्हात डोळे दिपतात. उघड्या पडलेल्या लाकडावर एक अंगठा होता. त्याचं नख मी ओळखतो. स्पीकर उतरवताना ते माझ्याच चुकीने चेंगरलं होतं, तेव्हापासून त्यात काळी रेघ होती. अंगठा लाकडावर खालीवर होत होता आणि लाकूड तिथे ओलं झालं होतं. त्याच्या मागे मनगटावर दुसरा हात होता, लांब लांब बोटांचा.

मी दार लोटून आत गेलो तेव्हा बेस नुसता खुर्चीवर पडलेला होता. मी तो उचलून गॅलरीत नेला आणि कठड्यावर आपटायला वर उगारला. हात वरच राहिले. तारा काढल्या तर लाकडावर घासतोय. लाकूड फोडलं तर कशावर?

मी तो परत खुर्चीवर ठेवला. लाकूड अजून ओलं होतं. मी शर्टाच्या टोकाने पुसलं.

७

वहिनीला मी जुना बेस दिला.

"ह्यात आहेत ते?" तिने विचारलं.

"आहेत."

"मग नव्यावरची ती खूण?"

"अमेरिकन मालाची चकाकी टिकत नाही, वहिनी. जुन्यावर दादाची पंधरा वर्षं आहेत."

तिने त्याच्या झिजलेल्या पॉलिशला नाक लावलं आणि डोळे मिटले. घामाचा वास असतो त्याला, खरा, दादाचा. तेवढं तर मी खोटं दिलं नाही.

"तारा का काढल्यात?"

"प्रवासात दांडा वाकतो. तिकडे नव्या घाला, नाहीतर घालूच नका. नुसता जवळ ठेवा."

ती माझ्याकडे बघत राहिली. हुशार बाई आहे. पण तिने विचारलं नाही. तिला आतून हो हवं होतं, आणि ते मी दिलं होतं.

आईलाही तिच्याबरोबर पाठवणं जड गेलं. ती म्हणाली, "मला काय करायचं बंगळूर? तिकडचं बोलणं कळायचं न्हाई मला."

"वहिनी एकटी आहे."

"आन् तू रं?"

"मला टेंपो आहे."

"टेंपो जेवायला घालतो का तुला?"

मग मी ओरडलो. आईवर मी कधी ओरडत नाही. म्हटलं, तुला मेलेलाच पोरगा हवाय, जिवंत सून नकोय. आई पिशवी भरायला लागली. स्टेशनवर गाडी हलताना तिने खिडकीतून माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणजे तिने ते मनावर घेतलं नव्हतं, असं मी धरून चाललोय.

घरी आलो तेव्हा लाइट होती. मी सगळ्या खिडक्या उघडल्या. दादाच्या खोलीत घासणं चालू होतं आणि माझी चाहूल लागल्यावरही ते थांबलं नाही. मी डोळे मिटूनच आत गेलो आणि "दादा, सरक जरा," असं म्हणालो. का म्हणालो माहीत नाही, तो बसलेला असला की मी नेहमी तसंच म्हणायचो. घासणं थांबलं. मी बेस मांडीवर घेतला.

जुन्याच्या चपट्या तारा मी रिकाम्या बरणीत गुंडाळून ठेवल्या होत्या. त्या एकेक करून नव्यावर चढवल्या. फितीसारख्या गुळगुळीत तारा, त्यांना धार नाही. दादा दाखवायचा तसं आधी जाड तार, मग बाकीच्या. सूर मला लावता येत नाहीत, म्हणून ताटल्या थरथरेपर्यंत जाड तार आवळली आणि उरलेल्या तिच्या मागे अंदाजाने नेल्या. तारांना खोबरेल लावून फडक्याने पुसलं. मग बेस खुर्चीवर ठेवला, हातांना सोपा पडेल असा.

वाजवताना दादाला फार घाम यायचा. मंडपात मी कुठूनही टेबलफॅन मिळवून त्याच्याजवळ ठेवायचो. मी हॉलमधला फॅन आणला, खुर्चीसमोर ठेवून चालू केला. खुर्चीमागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. वाऱ्याने त्याचं पान हलायला हवं होतं. ते हललं नाही.

मी फॅन थोडा खाली वाकवला, मनगटाच्या उंचीवर.